खिळ्यावरचं घड्याळ

परक्या शहरात येऊन मास्तरांना तिसरं वर्ष लागलं होतं, पण त्यांचं मनगटी घड्याळ काही अजून तिथे आलंच नव्हतं. ते घरचीच वेळ दाखवायचं. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात चादरी, पडदे आणि नोकरांचे गणवेश शिवायचं त्यांचं काम. भिंतीवरच्या घड्याळाकडे ते हजेरीपुरतं बघत. दुपारी डबा उघडला की म्हणत, "आता घरी दिवे लागले असतील." सोबतचे चिडवत, "मास्तर, तुम्ही पगार इथे घेता आणि राहता तिथे!" मास्तर हसून मान मशीनवर घालत.

थंडीच्या तोंडावर इथे सगळी घड्याळं तासभर मागे घेतात, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्या घड्याळाचा त्याच्याशी काय संबंध, असं म्हणून ते निर्धास्त होते.

त्या दिवशी मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. घरी लेकीचा गणिताचा पेपर होता. गेल्या वर्षी याच पेपरला तिचे हातपाय गळाले आणि येत होतं तेही ती विसरली. यंदा तिने बजावलं होतं, "बाबा, दहाच्या ठोक्याला आईच्या मोबाइलवर फोन करा. तुमचा आवाज ऐकूनच मी आत जाईन." मास्तरांनी शब्द दिला होता.

पहाटेची पाळी होती. शिवताना पट्टा कापडात अडकतो म्हणून त्यांनी घड्याळ काढून मशीनशेजारच्या खिळ्याला लावलं. मोबाइल नियमाप्रमाणे बाहेरच्या कपाटात. एक बाही उलटी जोडली, उसवली आणि पुन्हा उलटीच जोडली. धुलाईखात्यात कपडे पोचवून आले, तरी काटा पुढे सरकायचं नाव घेईना. घोर लागला की मेली वेळही जाता जात नाही, असं पुटपुटत त्यांनी सुई ओवली. पुन्हा पाहिलं, अजून अवकाश होता. उगाच उठले, पाणी प्यायले, परत बसले.

अखेर दहा वाजत आले तसे ते कपाटाकडे धावले. दारात सुपरवायझर भेटला. भला माणूस बिचारा.

"मास्तर, घड्याळं मागे घ्यायची होती ना, मघाशी मी सगळी एकेक तास मागे लावून टाकली. तुमचं खिळ्यावरचंसुद्धा! तुम्ही धुलाईत होता."

इथली वेळ इथल्या लोकांनी मागे घेतली. लेकीची कोण घेणार? तिथे अकरा वाजत आले होते आणि पेपर तर साडेदहाचा.

मास्तरांनी फोन लावला. बायकोने उचलला.

"अहो, होतात कुठे? किती वाट पाहिली पोरीने!"

"गेली का गं आत?"

"गेली. सगळ्यांत शेवटी, शिपाई ओरडायला लागला तेव्हा. मी म्हटलं, बाबा कामात विसरले असतील, तर माझ्यावरच खेकसली. म्हणाली, बाबांचं घड्याळ कधी चुकत नाही. आपलंच पुढे असेल, अजून दहा वाजलेच नसतील."

मास्तरांना रडूच आलं.

"ऐकताय ना? बाहेर आली की काय सांगू तिला?"

"सांग," मास्तर म्हणाले, "बाबांचं घड्याळ चुकलं. तुझं बरोबर होतं."