माफ करा आजोबा, पोराची भरती आहे

आपल्या पोराच्या कपाळाला नाम्लो लागू द्यायचा नाही, हे जसमाया पुनने तो पोटात असतानाच ठरवून टाकलं होतं. ठरवलं म्हणजे ठरवलं, बाई हट्टी. स्वतः ती परकराच्या वयापासून नेपाळातल्या बेनीच्या बाजारातून वरच्या गावांना मीठ, तांदूळ, पत्रे, एकदा तर सावकाराचं लोखंडी कपाटसुद्धा वाहत आली होती. पाठीवर डोको, म्हणजे बांबूची उंच टोपली, आणि त्याचा सगळा भार पेलणारा कपाळावरचा पट्टा, म्हणजे नाम्लो. टाळूवरचे केस झिजले, मान आखडली, पण पोराला, दीपेनला, तिने गवताची पेंढी उचलू दिली नाही. शेजारची बुद्धिसरा दीदी टोमणे मारायची.

"राजपुत्रच आहे गं तुझा! छत्री धरायला कोण ठेवणार?"

"तुम्हालाच ठेवते ना दीदी, घरी रिकाम्याच असता," जसमाया म्हणायची.

आणि आता गंमत बघा. हाच राजपुत्र मिसरूड फुटल्यावर म्हणतो काय, तर मला लाहुरे व्हायचंय. इंग्रजांच्या पलटणीत जायचंय! त्या भरतीत धावायला लावतात, दांड्याला लोंबकळायला लावतात, छाती मोजतात, दात बघतात. ते सगळं ठीक. पण त्यानंतर वाळूने भरलेला डोको नाम्लोने कपाळावर घेऊन डोंगर चढायचा, तोही घड्याळ लावून. तिथे भलेभले आडवे होतात.

गेल्या भरतीत दीपेन धावण्यात पहिला, लोंबकळण्यात पहिला. डोको घेतला आणि दहा पावलांत नाम्लो सरकून भुवयांवर आला, राजपुत्र बसले खाली. गावभर हसू झालं. हमालाच्या घरातला पोरगा आणि डोको घेता येत नाही! वयाची मुदत यंदा संपत होती. यंदा जमलं नाही तर बापासारखं कतारला जायचं, सिमेंट ओतायला. बाप फोनवर रागावला नाही. थकलेल्या आवाजात एवढंच म्हणाला, "नाही झालं तर सांग. इथे माझ्या खोलीत जागा आहे."

ते जसमायाने ऐकलं. नवऱ्याला दोन-तीन वर्षांनी एकदा बघायचं, हे तिने गिळलं होतं. पोराचंही तसंच होऊ देईल होय ती! तिने माळ्यावरचा डोको खाली काढला.

"पट्टा कपाळावर नाही रे, टाळूकडे घे जरा. मान ताठवू नकोस, मोडेल. पावलं लहान टाक. लहान म्हटलं ना! लग्नाच्या वरातीत निघालायस का?"

रोज पहाटे ती आपला भार घेऊन पुढे आणि तो मागे. मध्ये चौतारी लागली की थांबायचं. वड-पिंपळाखालचा तो दगडी पार, त्याची एक पायरी बरोबर डोको टेकेल एवढ्या उंचीची. पाठ फिरवायची, गुडघे वाकवायचे, डोको टेकवायचा आणि ओठांतून शीळ घालत श्वास सोडायचा. कोणाकोणाच्या आजोबांच्या, मुलांच्या आठवणीत लोकांनी हे पार बांधलेले. भार घेऊन आलेला माणूस तिथे टेकला नाही तर मेलेल्यांचा मान राहत नाही, असं जसमायाला लहानपणापासून सांगितलेलं. तिने तेच पोराला शिकवलं. पोरगा हुशार. थोड्याच दिवसांत तो इतका झकास टेकायला लागला, शीळसुद्धा हुबेहूब घालायला लागला, की जसमायाला उगाच भरून यायचं.

मग बेनीत सराव-परीक्षा झाली. पोरांना तयार करणारे हितबहादुर गुरुजी, पलटणीतून निवृत्त झालेले, गळ्यात शिट्टी. जसमाया उकडलेली अंडी बांधून बघायला गेली. दीपेन सगळ्यांच्या पुढे होता. वळणावर चौतारी आली. पोराचे पाय आपोआप वळले, पाठ फिरली, गुडघे वाकले, डोको टेकला. वर शीळ! मागची सगळी पोरं त्याच्यासमोरून निघून गेली.

"काय पाहुणे?" गुरुजी ओरडले, "चहा सांगू का? बिनसाखरेचा चालेल?"

पोरं खो-खो हसली. दीपेन वेळेत पोचला नाही. "ही सवय कोणी लावली?" असं गुरुजींनी विचारलं तेव्हा त्याने फक्त आईकडे बघितलं. घरी आल्यावर मात्र फुटला.

"मला शिपाई व्हायचं होतं. तू हमाल केलंस मला!"

नाचणीचा ढिंडो ताटात तसाच गार झाला. जसमायाला राग आला. थोडा पोराचा आला, जास्त स्वतःचा. जन्मभर ज्याला ओझ्यापासून लांब ठेवलं, त्याला आपणच आपल्या ओझ्याची खोड लावून बसलो. सकाळी तोंड न धुता ती गुरुजींच्या दारात.

"खरं सांगा, सुटेल का हे?"

"वहिनी, मान झकास धरतो तो. पाऊलही पक्कं. असं कोणी शिकवलं?"

"मीच."

"मग थांबायला शिकवलंत तसं न थांबायलाही शिकवा."

"मलाच येत नाही हो ते!" जसमाया जवळजवळ किंचाळली.

आणि ते खरंच होतं. भार घेऊन ती आयुष्यात कधी चौतारी ओलांडून गेली नव्हती. पण गुरुजी दार लावून घेत म्हणाले, "शिका मग." दुसरं काय करणार? दुसऱ्या पहाटे दोघं निघाली. पहिली चौतारी दिसली आणि तिचेच गुडघे वाकायला लागले. तिने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली आणि हात जोडून मोठ्याने म्हणाली, "माफ करा आजोबा, पोराची भरती आहे!" तशीच पुढे गेली. छाती फुटायला आली, डोळ्यांपुढे अंधारी आली. मागे दीपेन हसत होता, कितीतरी दिवसांनी.

मग प्रत्येक चौतारीवर तेच. माफ करा आजोबा, माफ करा आजी. एकदा बुद्धिसरा गवताचा भारा टेकवून बसली होती, ती उडालीच.

"अगं जसमाया, मागे वाघ लागलाय की काय?"

"वाघ परवडला दीदी, ह्याच्या वयाची मुदत लागलीय मागे!"

भरतीच्या दिवशी पोखरा शहराजवळच्या डोंगरावर घरच्यांना शेवटच्या चढापर्यंतच जाऊ देत होते. तिथे चौतारी होतीच. जसमाया तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. पोरं येऊ लागली, घामाने निथळणारी, तोंडं वासलेली. मधल्या घोळक्यात दीपेन आला. पाराजवळ त्याचं एक पाऊल किंचित वळलं. तिने ते बघितलं.

"माफी मी मागते!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. "तू चल!"

लोक हसले. हसोत. पोरगा वळणाआड गेला. जसमाया पारावर बसली. जन्मभर ज्या डोकोला, ज्या पट्ट्याला तिने शिव्या दिल्या, त्यांचे आज ती मनापासून आभार मानत होती. गुरुजींचे, डोंगराचे, न दिसणाऱ्या आजोबांचे. पोरगा पास होवो न होवो, तिच्या कष्टांतलं काहीतरी त्याच्या उपयोगी पडलं, एवढं देणं कोणी दिलं होतं तिला?

बऱ्याच वेळाने दीपेन खाली आला, छातीवर नंबर तसाच. तोंड असं की काही कळेना.

"बोल ना, मुडद्या!"

"पास झालो, आई."

ती रडली, हसली, पुन्हा रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "मी ओरडले नसते तर टेकलाच असतास."

"तू ओरडलीस?" दीपेन म्हणाला. "मला काही ऐकूच आलं नाही. कान बंद झाले होते."

"मग थांबला कसा नाहीस?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "नाम्लोखाली मान वाकली की पुढच्याचे पायच दिसतात ना. सगळ्यांचे बूट होते. मला मात्र तुझ्या टाचा दिसत होत्या, आई. भेगा पडलेल्या. त्या थांबत नव्हत्या, म्हणून मीही नाही थांबलो."

जसमायाने लाजून पाय कमरेला गुंडाळलेल्या लुंगीखाली ओढून घेतले. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने ते पुन्हा बाहेर काढले.