अण्णा पेवात उतरून बोलायचा

माझं अक्षर वाकडं आहे आणि कुठं ऱ्हस्व, कुठं दीर्घ हे मला आजही नीट कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर हात लेखणीला फारसा लागलाच नाही. चुका होतील, त्या पोटात घालाव्यात. चार माणसांत मला बोलता येत नाही. घरात बोलणारा होता तो माझा थोरला भाऊ, अण्णाच…

मुडबीला माझ्या सासरच्या दारात भालकीची गाडी येऊन थांबली तेव्हा पंचमी जवळ आली होती. मला वाटलं, माहेरी न्यायला आली. मी बोचकंही बांधलं होतं. गाडीवान सदूमामा खाली उतरला, बैलांना पाणी पाजलं, पण माझ्याकडे बघेना. एरवी तो येताना रस्ताभर गाणं म्हणत यायचा. मी विचारलं, "मामा, अण्णा कामून न्हाई आला?" तर तो म्हणाला, "बाई, तू बस गाडीत." बाकीचं त्यानं वेशीबाहेर पडल्यावर सांगितलं. अण्णा पेवात उतरला होता, वर आला नाही.

भालकीला माहेरी आमच्या परसात दोन पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी माणूस उतरेल एवढी आणि आत पोट मोठं. एकात ज्वारी असते. दुसऱ्यात पाणी झिरपायचं, म्हणून ते बरीच वर्षं रिकामंच होतं. पावसाळ्यात पेव उघडलं की आधी हवा खाऊ द्यायची, मग कंदील सोडायचा, कंदील विझला तर उतरायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. अण्णालाही ठाऊक होतं. तळाशी जुनं उरलेलं धान्य पाण्यात सडलं होतं, त्याच्या विषारी वाऱ्यानं तो गेला. गावात कुणी म्हणालं भुतानं ओढलं, कुणी म्हणालं शिकलेल्या माणसाला कंदील लागत नाही. तो तिथं कशाला उतरला, हे मात्र आम्हा घरच्यांना आणि मौलवी मास्तरांनाच ठाऊक.

मौलवी मास्तर म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे, सरकारी शाळेतून पेन्शनीवर निघालेले. अण्णाला उर्दू आणि फारसी त्यांनीच शिकवली. अण्णाची जीभ लहानपणापासून मोकळी. आमच्या वडिलांच्या, आप्पांच्या, दुकानात गुळाच्या ढेपेवर उभा राहून तो गिऱ्हाइकांना बाजारभाव असा सांगायचा की माणसं गूळ न घेता ऐकतच बसायची, आणि आप्पा म्हणायचे, "अरे, आधी वजन कर, मग भाषण कर." मास्तरांच्या खटपटीनं त्याला सरकारी वजीफा, म्हणजे शिकायला पैसे, मिळाला आणि तो हैदराबादच्या मोठ्या कॉलेजात गेला. वकील व्हायचं म्हणाला होता.

तिथल्या वसतिगृहात भिंतीवर नियम लावलेले असत. परवानगीवाचून सभा नाही, भाषण नाही, गाणं नाही. काही मुलं संध्याकाळी एका खोलीत जमून प्रार्थना म्हणायची. ती बंद करा असा हुकूम झाला, मुलांनी ऐकलं नाही, तेव्हा त्यांचं जेवण बंद केलं. अण्णा त्या मुलांत नव्हता. तो आपला जेवायला बसला होता. पण ताट पुढं सारून तो उठला आणि तिथल्या साहेबाला त्यानं विचारलं, की देवापुढं काय म्हणायचं तेही तुमच्याकडून मंजूर करून आणायचं का? मास्तरांनी शिकवलेल्या स्वच्छ उर्दूत विचारलं. पोरांनी ताटं वाजवली म्हणे. दुसऱ्या दिवशी त्या मुलांबरोबर अण्णाचंही नाव पटावरून गेलं.

ज्यांच्या घरी पैसा होता ती मुलं लांबच्या मुलखात शिकायला गेली. आमच्याकडे नव्हता. मग कॉलेजानं कळवलं की मुचलका लिहून दिला तर परत घेऊ. मुचलका असा, की हा मुलगा शिकत असताना आणि त्यानंतरही कुठल्या सभेत बोलणार नाही, वर्तमानपत्रात लिहिणार नाही. बोलला तर आजवरचा सगळा वजीफा जामीनदाराकडून एकदम वसूल होईल. वजीफा स्वतः फेडून टाकला तरच मुचलका सुटेल. जामीनदार सरकारी नोकर नाहीतर पेन्शनवाला पाहिजे. आप्पा तो कागद घेऊन मास्तरांच्या दारात गेले. मास्तरांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि सही केली.

त्या सहीनंतर आमच्या घराचा आवाजच गेला. आप्पांना उर्दू वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांना वाटायचं की मुचलका सगळ्या घरावरच आहे. ओसरीवर चार माणसं बसून अण्णानं तोंड उघडलं की ते खोकायचे. अव्वा, आमची आई, कानडीत अंगाई म्हणायची, तीसुद्धा दार लोटून. आणि अण्णा… तो आप्पांच्याही पुढं गेला. माझ्या लग्नात वऱ्हाडी म्हणाले, शहरात शिकलेल्या भावानं दोन शब्द बोलावेत. मांडव भरलेला होता. अण्णा हात जोडून उभा राहिला आणि तसाच खाली बसला. माझ्या सासूबाई किती तरी दिवस म्हणायच्या, "तुझा भाऊ हैदराबादला शिकायला गेलता का जीभ गहाण टाकायला?" त्यांना ठाऊक नव्हतं. मी कधी सांगितलं नाही.

मास्तरांना ते सोसवायचं नाही. एकदा आमच्या ओसरीवर त्यांनी अण्णाला धरलं. "मेरे वास्ते चुप नक्को बैठ रे. पेन्शन गई तो गई. बोल."

अण्णा हसून म्हणाला, "तुमच्या घरात खाणारी तोंडं किती, मला ठाऊक हाय मास्तर. फेडतो, मग बोलतो."

वकिलीचं राहूनच गेलं. पदवी घेऊन तो भालकीच्या अडतीत हिशेब लिहायला बसला. पगारातून दर हंगामाला हैदराबाद संस्थानच्या हाली रुपयांचा हप्ता बिदरच्या कचेरीत भरायचा. लग्न केलं नाही. अंगावर नवा सदरा मी पाहिला नाही.

पेवाची गोष्ट मला माझ्या दुसऱ्या माहेरपणी कळली. वैशाखातली दुपार होती, सगळी निजली होती. मी परसात शेणी आणायला गेले आणि जमिनीखालून माणसाचा आवाज आला. आवाज घुमत होता, कुणाला तरी समजावत होता, मध्येच विचारत होता, थांबत होता, जसा काही समोरून जबाब येणार आहे. मग ओळखू आला. तोंडाशी वाकून मी म्हटलं, "अण्णा, खाली कोण ऐकायलंय तुझं?"

"भुतं हाईत," खालून अण्णा म्हणाला. "लई शहाणी. पर टाळ्या वाजवत न्हाईत."

नंतर दर उन्हाळ्यात मी काठाशी बसून ऐकायची. सगळं कळायचं नाही. शाळा कुणाच्या भाषेत असावी, माणसानं विचारलं तर गुन्हा का व्हावा, असं असायचं. या वैशाखात तो फार खुशीत होता. एकच हप्ता राहिला होता. मी विचारलं, फिटल्यावर पहिल्यांदा काय बोलशील? तो म्हणाला, "आधी नुसतं खाकरणार. लोकांना म्हणणार, थांबा, लई दिवसांचं बसलंय."

पावसाळ्यात तो पेवात कधी उतरायचा नाही. पण यंदाचा पावसाळा वेगळा होता. हत्यारवाली माणसं गावोगाव फिरत होती, रस्ते धड नव्हते, लोक घरातसुद्धा हळू बोलायचे. अव्वा म्हणते, आठ-दहा दिवस अण्णानं धड घास खाल्ला नाही, परसात येरझाऱ्या घालायचा. त्याला किती दाटून आलं असेल…

अव्वानं ते पेव मातीनं भरून घेतलं. तरीही ती त्यावर पाय देत नाही, वळसा घालून जाते. मीही तिथं उभी राहते. काही ऐकू येत नाही, हे मला कळतं. तरी कान लावते.

अण्णाचा महिना झाल्यावर थोड्याच दिवसांत हैदराबादचं राज्य बदललं. भालकीत रोज सभा व्हायला लागल्या. ज्यांनी जन्मात तोंड उघडलं नव्हतं तेही गाडीवर उभे राहून बोलायले होते. आणि मौलवी मास्तरांच्या दाराला मात्र दिवसा कडी असायची. गेल्या राज्याचा माणूस म्हणून गल्लीतली माणसं त्यांच्या घराकडे बोट दाखवायची. आप्पा शेवटचा हप्ता बांधून बिदरला निघाले तेव्हा अडतीतले हसले. म्हणाले, ते राज्य गेलं, आता पैसे कुणाला देता?

आप्पा म्हणाले, "राज्य गेलं. मास्तर हाईत की."

मास्तरांना त्यांनी गाडीत आपल्या शेजारी बसवून, भर बाजारातून नेलं. मी अव्वाची औषधं आणायला सोबत होते. कचेरीत कागद सापडायला दुपार झाली. कारकुनानं रुपये मोजून घेतले, मुचलक्यावर रेघ ओढली आणि म्हणाला, "मौलवीसाब, आप छूट गए."

मास्तर म्हणाले, "मैं कब बंधा था? बंधा तो वो था."

आप्पांनी पावती घेतली, ती वाचता येत नसतानाही बराच वेळ बघितली, आणि मास्तरांच्या हातात दिली. अण्णाचा वजीफा पै न पै फिटला.