वॉचमन काकांची घोंगडी

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत गुपित टिकत नाही. कुणाकडे पाहुणे आले हे लिफ्ट वर पोचायच्या आत सगळ्या मजल्यांना कळलेलं असतं. तरी एकदा आम्ही सगळ्यांनी मिळून एक गुपित सांभाळलं, तेही गेटवरच्या वॉचमन काकांपासून.

काका साताऱ्याकडचे. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. इंटरकॉम वाजत राहायचा आणि काका शेजारी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला प्रेमाने हात करायचे. शेवटी सिक्युरिटी एजन्सीने सांगितलं, महिनाभरात कानाला मशीन बसवा, नाहीतर माणूस बदलतो. या वयात गावी जाऊन काका काय करणार होते? आणि मदत म्हणून द्यावं, तर हा गृहस्थ कुणाकडून फुकटचा चहाही घेत नसे.

गणपतीत आमच्याकडे नारळाचा, फळांचा लिलाव होतोच. तसाच घरातल्या चांगल्या वस्तूंचा लिलाव व्हॉट्सॲपवर करू, ही कल्पना माझी. मशीन घेतलं की काकांना म्हणायचं, शिट्टी-टॉर्चसारखं हेही सोसायटीकडून. मी ऐटीत पोस्टर बनवलं, ग्रुपवर टाकलं, फेसबुकवर टाकलं, रोज वस्तूंचे फोटो टाकले. बदाम आले, हात जोडलेले आले, 'स्तुत्य उपक्रम' आलं. बोली मात्र प्रत्येक वस्तूला एकच! पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त आजोबांनी मिक्सरला पाचशे लिहिले की सगळे चिडीचूप. मी एकीला विचारलं, तर म्हणते, "अगं, आजोबांच्या वर बोली लावायची? बरं दिसतं का ते?" मंडपात हीच माणसं नारळासाठी घसा फोडतात. इथे नाव दिसतं ना!

अशाने एका कानाच्या मशीनचेही पैसे जमेनात. माझा जीव टांगणीला लागला.

त्यातच काकांनी सोसायटीच्या ऑफिसात जाणाऱ्या वस्तू पाहिल्या आणि मला हटकलं. मी त्यांच्या कानाशी ओरडले, "लिलाव आहे! एका गरजू माणसासाठी!" दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन दारात हजर. आत काळी घोंगडी, घडीही न मोडलेली.

"म्याडम, गावाकडची हाय. कुना गरिबाचं काम हुतंय, तर आपला बी हात लागू द्या."

मला रडूच आलं. नको म्हणावं तर सगळं सांगावं लागणार. घेतली.

तेवढ्यात करावे गावातल्या आमच्या मासळीवाल्या मावशी आल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. फोनमधल्या त्या मुक्या बोल्या पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"लिवून कंदी बोली होते का गो बाय? मावऱ्याची बोली आमी अशी केली असती, तं मावरा तिथंच कुजला असता. दे तो फोन."

मी व्हॉइस मेसेजचं बटण दाबून धरलं आणि पायरीवर बसूनच मावशींनी आवाज लावला. "घोंगरी हाय, सातारची हाय! देनाऱ्याकं दुसरी नाय! बोला! त्या पयल्या माळ्यावरच्या आजोबांना कोन भितंय? का तोंडात मिठाची गुळनी धरलीय?"

मग स्वतः आजोबांचाच व्हॉइस मेसेज आला, खणखणीत, "हजार! आणि मला भिणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे!" मग जे सुरू झालं ते काही विचारू नका. लोक ऑफिसातून बोल्या लावत होते, एक सूनबाई जुईनगर स्टेशनवरून ओरडत होती. घोंगडी शेवटी आजोबांनीच घेतली, आणि पडून राहिलेल्या मिक्सरवरही भांडणं झाली. मशीन आलं, दोन्ही कानांचं.

हे सगळं काकांना कुणी सांगितलं नाही. गुपित पोटात ठेवण्याइतके आम्ही काही शहाणे नव्हतो. पण मशीन यायच्या आधी सांगायचं तर कानाशी ओरडूनच सांगावं लागलं असतं, आणि ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं.

मशीन लावून काका पहिल्यांदा गेटवर उभे होते. मी भाजी घेऊन आत येत होते. त्यांनी मला थांबवलं.

"म्याडम, त्या गरिबाचं काम झालं का वो?"

सवयीने मी ओरडायला तोंड उघडलं, आणि कानातलं मशीन दिसलं. हळूच म्हटलं, "झालं, काका."

"बरं झालं," काका म्हणाले.