गणपतीसाठी बकेट सीट

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, मगच सांगतो. चहा गार झाला तरी चालेल, पण मध्येच उठू नका. कारण माझा हा घोटाळा आमच्या गावात, आचऱ्यात, अजून ताजा आहे आणि जो तो माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगतो. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

आमच्याकडे आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक जुनी मोटार आहे. गोल दिवे, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, आणि पुढे एकच सलग सीट, बाकासारखी. आत काथ्या भरलेला. त्या सीटवर आम्ही चौघं चौघं बसलोय. वळण आलं की शेजारचा माणूस सरळ चालवणाऱ्याच्या मांडीवर!

दर चतुर्थीला आमचा गणपती याच गाडीतून, याच पुढच्या सीटवर बसून घरी येतो. चाळीस वर्षं आबांनी आणला. देवाला कधी साधा धक्का लागला नाही, याचा त्यांना केवढा अभिमान! यंदा त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि चावी माझ्या हातात आली. माझ्यामुळे आबांच्या नावाला बट्टा लागू नये, एवढीच माझी इच्छा होती हो!

पण मी पडलो विज्ञानाचा मास्तर. जामसंड्याला शाळेत शिकवतो. मला साधी गोष्ट साधी ठेवता येत नाही.

झालं काय, मालवणच्या धक्क्यावर एका पर्यटकाची नवी गाडी उभी होती. पुढे दोन सुट्या सीट, दोन्ही बाजूंनी उंच, मध्ये खोलगट. बकेट सीट म्हणतात त्याला. मी त्या अनोळखी माणसाला म्हटलं, "जरा बसून बघू?" तो बिचारा घाबरून हो म्हणाला. मी बसलो. डावीकडे झुकलो, उजवीकडे झुकलो. घसरतच नाही! सीटने कसं दोन्ही बगलांत धरून ठेवलं होतं.

आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. इथे माणूस घसरत नाही, तर देव तरी का घसरेल?

तडक मिंगेल मेस्त्रीचं गॅरेज गाठलं. मेस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "मास्तर, सीटी गावतल्यो. पण पन्नास वर्षांच्या गाडयेत बसतल्यो कश्यो?"

"मापं मी आणतो!" मी म्हटलं. मापं म्हटली की माझ्या अंगात येतं.

आठ दिवस मी पट्टी घेऊन फिरत होतो. टप किती उंच, पेडल किती लांब, दार किती उघडतं, सगळं वहीत. आबांना अंगणातल्या खळ्यात स्टुलावर बसवून कंबर ते मान मोजली.

"मेल्या, माझ्या तिरडयेचा माप घेतंस काय?" आबा ओरडले.

बायकोकडे वळलो, तर सुमन हातातला झारा दाखवत म्हणाली, "ती पट्टी माझ्या कमरेकडे हाडलास तर बघा!" तिचं माप अंदाजाने लिहिलं.

मूर्तिकार तातूकाकांना फोन करून गणपतीची उंचीसुद्धा विचारून घेतली. आहे की नाही शास्त्रशुद्ध काम?

मेस्त्रीने लोखंडी पट्ट्या जोडल्या, जुनं बाक काढलं, दोन काळ्याभोर सीट बसवल्या. गाडी अशी काही दिसायला लागली, जणू धोतरावर कोट घातलेला माणूस. आबा बघत राहिले. "बरो दिसता," म्हणाले, पण तोंड कडू औषध घेतल्यासारखं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या तातूकाकांच्या कौलारू मांगरात पोचलो. आबा मागच्या सीटवर, आणि शेजारचा बाबल आपली चार माणसं घेऊन चालत आलेला. गणपती तयार होता. इतका देखणा की मी क्षणभर सीटही विसरलो.

पण लोक गणपती सोडून माझ्या गाडीभोवती जमले! "ह्यां काय?" "हेच्यात बसतत की निजतत?" कुणी बोट खुपसून बघतंय, कुणी वास घेतंय. मी मोठ्या उत्साहाने समजावू लागलो. छाती अशी फुगली होती, विचारू नका.

"झाला तुजा? आता देवाक बसव," आबा म्हणाले.

बाबलने आणि तातूकाकांनी गणपती उचलला. पाटासकट.

पाट! आमच्याकडे पद्धत अशी, की नागपंचमीच्या सुमारास घरचा पाट मूर्तिकाराकडे पोचवायचा. मूर्ती त्या पाटावरच घडते आणि पाटासकटच घरी येते. म्हणजे मी घरात पट्टी घेऊन नाचत होतो, तेव्हा आमचा फणसाचा दोन हात रुंद पाट घरात नव्हताच! जगातल्या यच्चयावत वस्तू मोजल्या, आणि देव ज्यावर बसतो तेवढी राहिली.

पाट सीटच्या दोन उंच कडांवर जाऊन टेकला. खाली पोकळी. गणपती झोपाळ्यावर बसल्यासारखा डुलायला लागला.

"खाली तांदळाचा पोता घाल!"

"नारळ घाल, नारळ!"

"मागच्या सीटवर ठेवूया," मी म्हटलं. पण नव्या सीटच्या पाठी एवढ्या जाड की मागच्या दारातून पाट आडवा जाईना. आणि देवाला तिरका कोण करणार?

एवढ्यात गर्दीतलं कुणीतरी खिडकीतून हात घालून म्हणालं, "ह्यो दांडो कसलो रे?" आणि खेचला!

धप्प! सीटची पाठ सपशेल आडवी. गणपती मागे कलला. बाबलने पाट पोटाशी धरला, तातूकाका "रे रे रे रे" करत सोंडेपाशी हात धरून उभे. चाळीस वर्षांचा अभिमान माझ्या डोळ्यांदेखत कलंडत होता.

वाचला. कानाचा टवकाही उडाला नाही. पण आबांचा चेहरा पांढराफटक. ते हळूच म्हणाले, "भायर काढा देवाक. चलत न्हेवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबलने चुंबळ करून गणपती डोक्यावर घेतला. मळ्यातल्या पायवाटेने जायचं ठरलं. देवाबरोबर अनवाणीच चालायचं, आणि मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, चिखलही होता. सगळ्यांनी पायातलं काढलं.

"मास्तर, तुमची गाडी रिकामीच जाता मा?" बाबल म्हणाला. "मगे ह्यो घेवा."

पाच जोड चपला माझ्या शेजारच्या नव्याकोऱ्या सीटमध्ये येऊन पडल्या. मागे आबा. मी रस्त्याने निघालो. वाटेत चांगली अकरा वळणं आहेत. एक चप्पल जागची हलली नाही! बकेट सीट म्हणजे काय चीज आहे, ते तेव्हा पुरतं कळलं.

रस्त्याने आम्ही आधी पोचलो. बाहेर पावसाची भुरभुर, काचा धुरकटलेल्या. घराच्या पायरीशी सुमन नव्या लुगड्यात ताट घेऊन उभी, मागे वाडीतल्या बायका. गणपती दर वर्षी पुढे डाव्या बाजूला असतो, हे सगळ्यांना पाठ. मी काच खाली करून "अगो, थांब" म्हणेपर्यंत "मंगलमूर्ती मोरया" असा गजर झाला की माझं मलाच ऐकू येईना.

सुमनने डाव्या बाजूला येऊन डोळे मिटले. काचेवर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, तीनदा ओवाळलं. मग भक्तिभावाने दार उघडलं आणि डोळे उघडले.

सगळा गजर बंद.

"गणपती खंय?" तिने विचारलं.

"मळ्यातून येतोय. चालत."

ती त्या चिखलाने माखलेल्या चपलांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग पुन्हा चपलांकडे.

"म्हंजे देव चिखलातसून चलत येता," ती म्हणाली, "आणि चपलांका तुमी गाडयेतसून हाडलास?"