मधली जागा

"मान वर कर," सानिका म्हणाली आणि ओल्या स्पंजने माझ्या तोंडावर फाउंडेशन थापायला लागली. कपाळ, गाल, हनुवटी. भिंतीला चुना मारावा तसं. पनवेलच्या एका मॉलमधलं लेडीज टॉयलेट. आरशासमोर आम्ही पाच जणी, कोरियन बॉयबँडच्या पोरांसारखी काळी जॅकेटं घातलेल्या, केस टोपीत कोंबलेले. बाहेर स्टेजवर आमचा डान्स होता.

"पर्सनली घेऊ नको हां," ती म्हणाली. "व्हिडिओत तू एकटीच डार्क दिसतेस. बाकी आम्ही सगळ्या कोरियन वाटतो."

बाकीच्या हसल्या. मीही हसले. ते माझं हसणं आठवलं की अजून स्वतःची किळस येते.

मी पनवेलजवळच्या कोन गावची. बौद्धवाडीतली. आई नवीन पनवेलच्या टॉवरांमध्ये धुणीभांडी करते. सानिका तसल्याच एका टॉवरमध्ये राहते. तिच्याकडे प्रॅक्टिसला गेले की वॉचमन न विचारता मला कामवाल्यांची सर्व्हिस लिफ्ट दाखवायचा. मी गुपचूप त्या लिफ्टने जायची.

लोक विचारतात, काय बघता गं त्या पावडर फासलेल्या पोरांत? सांगते. ती पोरं सगळ्यांसमोर रडतात, एकमेकांच्या गळ्यात पडून. आमच्याकडे बाप्या माणूस रडला की त्याची टिंगल होते. आणि दुसरं म्हणजे त्यांची भाषा. फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या पोरींपुढे माझी बोबडी वळायची. पण कोरियन? ते सानिकालाही येत नव्हतं आणि मलाही नाही. जन्मात पहिल्यांदा आम्ही दोघी सारख्याच अडाणी होतो. वाटलं, इथे कुणी वर नाही, कुणी खाली नाही. मूर्ख होते मी.

फॅन लोकांत एक रीत असते. जिचा जो लाडका मेंबर, त्याच्या स्टेप्स तिने करायच्या. माझा लाडका मधोमध नाचतो, सगळ्यांत अवघड. त्या स्टेप्स मलाच जमायच्या, म्हणून मधली जागा माझी. सानिकाला ते सलायचं, पण तिचा नाइलाज होता.

तिचं थापून झाल्यावर मी आरशात पाहिलं. तोंड पांढरं, हात काळे. आणि खरं सांगते, क्षणभर मला ते तोंड आवडलं. लाज वाटते सांगायला. पण आवडलं.

बाहेर आले. स्टेजजवळ आई उभी होती. कामावर खाडा करून, ठेवणीतली साडी नेसून आलेली. आमची जॅकेटं बघून ती सरळ माझ्याकडेच आली आणि अदबीने विचारलं, "ताई, माजी पोरगी नाचणार हाय हितं. कुठं भेटंल ती?"

ताई. मला. माझी आई.

 मागे पोरी खिदळल्या. आईने निरखून पाहिलं, माझा हात हातात घेतला, उलटसुलट केला.

"अगो, तू हायस?"

एवढंच म्हणाली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी परत आत पळाले. बेसिनवरच्या हात धुवायच्या साबणाने तोंड घासलं. डोळ्यांत साबण गेला तरी घासत राहिले. सानिका धावत आली. "वेडी झालीस का? आता आपलं नाव पुकारतील! असंच नाचायचं असेल तर मागे उभी राहा."

"मधली जागा माझी आहे," मी म्हणाले. "ह्या तोंडासकट."

नाचले. ओल्या कॉलरने, मधोमध. टाळ्या पडल्या की नाही, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सानिकाने व्हिडिओ टाकला. फिल्टर मारून. त्यात मी पुन्हा पांढरीफटक. काढ म्हटलं, तर तिने मलाच ग्रुपमधून काढलं.

त्या बँडची गाणी अजून ऐकते. ती पोरंही तोंडं रंगवतात, ते त्यांचं त्यांनी बघावं. मी आता वाडीतल्या समाजमंदिरापुढे नाचते. आई मोबाइलवर शूट करते, हलतं-डुलतं. फिल्टर नाही. खाली मी नाव, आडनाव, गाव, सगळं लिहिते. कमेंट येतात. काळी, कोळसा, आणि आडनाव वाचून जे यायचं ते सगळं. मी एकही डिलीट करत नाही. वाचते आणि पुढचा व्हिडिओ टाकते. तोंड लपवायचंच असेल तर हे लिहिणाऱ्यांनी लपवावं. मी लपवणार नाही.