आधी स्लाइड, मग जेवण

घरांचे नकाशे काढायच्या एका सॉफ्टवेअरवर आमचं पोट चालतं. ते वापरणाऱ्यांचा आमचा ग्रुप दरवर्षी अंधेरीत हॉल घेऊन कॉन्फरन्स भरवतो. तिथली भाषणं आठवड्यात विसरायला होतात, किस्से मात्र साठत जातात. त्यातले निम्मे सावंत मॅडमचे!

मॅडम मूळ मालवणच्या, राहतात घाटकोपरला. ग्रुपची वेबसाइट त्याच सांभाळतात. पूर्वी वक्ते "रात्री पीपीटी मेल करतो" म्हणून जे जायचे, ते पुढच्या वर्षीच उगवायचे. शेवटी मॅडमनी जेवणाची कूपनंच ताब्यात घेतली. फाईल साइटवर चढली की कूपन, तोवर उपाशी!

*

मुलुंडच्या एका वक्त्याने चलाखी केली. एकच स्लाइड दिली, 'थँक यू' लिहिलेली.

मॅडम त्याला घेऊन वाढप्याकडे गेल्या. "यांना एक गुलाबजाम दे. बाकीचं जेवण बाकीच्या स्लाइड आल्यावर!"

*

एक सल्लागार अडून बसले. "मॅडम, माझं प्रेझेंटेशन गोपनीय आहे."

"आत्ताच भरल्या हॉलला दाखवलंत ना?"

"दाखवणं वेगळं, देणं वेगळं."

मॅडमनी पनीरच्या भाजीचं झाकण उचललं, त्यांना आत बघू दिलं आणि झाकण परत लावलं. फाईल लगेच आली.

*

बोरिवलीच्या नितीनची नोकरी गेली होती. घरी बसून तो साइटवरच्या जुन्या स्लाइड बघत शिकला, आणि त्याला पहिल्यापेक्षा झकास काम मिळालं. गेल्या वर्षी तोच आमचा वक्ता!

"मॅडम, तुमच्यामुळे परत उभा राहिलो," तो म्हणाला. मॅडमचे डोळे भरले. माझेही, खोटं कशाला सांगू?

डोळे पुसत मॅडम म्हणाल्या, "फाईल?"

*

आणि यंदा काय झालं, ऐका. आमचे अध्यक्ष दामले सर, पार्ल्याचे. त्यांच्या डोक्यात आलं, "साइट बघतंय कोण? बंद करू." समारोपाच्या भाषणातच ते ठराव मांडून मत घेणार होते. मॅडमची इतक्या वर्षांची मेहनत एका ठरावात जाणार, मला भयंकर राग येत होता. पण नियम तो नियम. दामले सरसुद्धा दुपारी फाईल देऊनच जेवले.

समारोपाला सर स्टेजवर चढले आणि त्यांच्या लॅपटॉपने अपडेट सुरू केलं. थांबायचं नाव नाही! पेनड्राइव्ह घरी राहिलेला.

"वाट लागली," सर माईकमध्येच बोलून गेले.

मी खालून ओरडलो, "सर, साइटवर आहे ना!"

हॉलच्या कॉम्प्युटरवर, सगळ्यांसमोर, सरांनी ग्रुपची साइट उघडली. फाईल पटकन सापडली. सर खुशीत आले, रंगून बोलले, आणि बोलता बोलता पडद्यावर शेवटची स्लाइड आली. 'ठराव : ग्रुपची वेबसाइट बंद करणे.'

हॉल नुसता फुटला! सरांनाही हसू आवरेना. कसंबसं विचारलं, "बरं, बंद करायच्या बाजूने कोण कोण?"

एक हात वर नाही. सरांचासुद्धा नाही. मी तर टाळ्याच वाजवायच्या बेतात होतो, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर आला. सावंत मॅडमचा! सगळा हॉल वळून बघायला लागला.

"मत नाय देत हो," मॅडम म्हणाल्या. "सर, शेवटची स्लाइड काढून नवीन फाईल द्या. चहाची कूपनं माझ्याकडेच आहेत."