पाणबुडीला बांधलेली नाल

“नातवासाठी का, आजी?”

हा सवाल मला परभणीच्या हार्डवेअरवाल्यानं केला, पाइपवाल्यानं केला, रिमोटच्या खेळण्यांचं भंगार विकणाऱ्यानं केला आणि पार्सल घेऊन आलेल्या पोरानंही केला. पहिल्या दोघांना मी नीट सांगितलं, की बाबा, माझ्यासाठीच आहे, मी पाण्याखाली चालणारी बोट करायलेय. ते हसले. तिसऱ्याला म्हणलं, “तुझ्या आजीला काय तू खुळखुळा घेतोस का?” त्यानं खाली मान घालून सुटे पैसे मोजले आणि मला जरा बरं वाटलं.

आमच्या गावात चिंचेखाली दिवसभर पत्ते कुटणारे बाप्ये आहेत. त्यांना कुणी विचारत नाही, हे कशाला. मी मात्र चार इंची पाइप डोक्यावर घेऊन बसमधून उतरले, की अख्खं गाव विचारतं, हे कशाला. मला करायचीय म्हणून. एवढंसं उत्तर लोकांना का पुरत नाही?

माझं शिक्षण म्हणाल तर नाहीच्यात जमा. पण हातात अवजार धरता येतं. मालक रेल्वेत होते, तोवर आम्ही पूर्णेला क्वार्टरात राहिलो. तिथं आधी माझी स्वतःची शिलाई मशीन मी खोलली, मग शेजारणीची, मग आळीतले मिक्सर, टेबलफॅन सगळे माझ्या ओसरीवर येऊन पडायला लागले. मालक ड्यूटीवरून येताना कुठून कुठून स्क्रू, वायसर खिशात घालून आणायचे आणि म्हणायचे, “घे, तुझी भेळ.” ते गेले, मी गावाकडं आले. लेक पुण्याला. मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी म्हाताऱ्याची पाणबुडी बघितली. भाषा कळत नव्हती, हात कळत होते. म्हणलं, ह्याला जमतं तर मला काय धाड भरली? लेकाला सांगितलं तर तो म्हणाला, “आई, कशाला त्रास घेतेस, मी तयार घेऊन देतो.” मी फोन ठेवून दिला. तयार पुरणपोळी पण मिळते की बाजारात.

पहिली चूक केली ती रिमोटची. नवा, चकचकीत मागवला. घरच्या हौदात बोट वीतभर खाली गेली की बहिरी व्हायची. किती बटणं दाबा, ऐकायचीच नाही. लय डोकं खाल्लं तेव्हा कळलं, की नव्या रिमोटचा आवाज हवेत लांब जातो पण पाण्यात मरतो. जुन्या खेळण्यातल्या मोटारींचा, तो ओढून लांब करायचा एरियल असायचा बघा, त्याचा आवाज पाण्यात शिरतो. म्हणून भंगारातली मोटार आणली. तिच्यात दोनच गोष्टी, मागं-पुढं आणि डावं-उजवं. मागं-पुढं मी पंख्याला जोडलं. डावं-उजवं जे होतं ते बोटीच्या पुढच्या अंगाला बसवलेल्या दोन पंखांना जोडून माझं खाली-वर केलं. आता वळायचं कसं? तर मागचं सुकाणू कायमचं जरा वाकडं ठेवलं, म्हणजे बोट आपली घाण्याच्या बैलासारखी गोल फिरत राहील. फिरू दे. मला कुठं तिला मुंबईला न्यायचीय?

पंख्याचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथून पाणी शिरतं. पितळी नळीत ग्रीस ठासून तो दांडा बसवला. झाकणाला बोअरच्या मोटारीला असते तसली रबरी रिंग बसवली. तरी तीनदा बोट पाणी प्यायली. तीनदा उन्हात आतडी काढून वाळवली. शेजारीण म्हणायची, “मावशी, पापड घातलेत का?”

पण खरी मेहनत वजनाची. हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच आहे. माझी बोट पाणी पोटात घेऊन बुडणारी नाही. ती मुळात तरंगतेच, पण कशीबशी. सगळं अंग पाण्यात आणि फक्त डोक्याचा शेंडा वर. पंखा जोरात चालवायचा आणि पुढचे पंख खाली झुकवायचे, की ती पाण्यात घुसते. मोटार बंद केली, की आपोआप वर येते. बॅटरी संपली, तार तुटली, काही झालं तरी वर येते. मला ही गोष्टच लय आवडली होती. ह्यासाठी मासे धरायच्या जाळ्याचं शिसं पोटात चिकटवलं. एक तुकडा जास्त झाला तर वर येत नाही, एक कमी झाला तर खाली जात नाही. कानशीनं शिसं घासून घासून एक खारीक उचलील एवढाच हलकेपणा तिच्यात शिल्लक ठेवला. हौदात ती बुडायची, मोटार बंद केली की डोकं वर काढायची. माझे डोळे भरून यायचे, खोटं कशाला सांगू.

आता मोठं पाणी पाहिजे होतं. थोरल्या दिरांच्या शेतात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आहे. आणि येळवस आली होती. ज्यांच्याकडं येळवस नाही त्यांना सांगते, मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं घरं ओस पडतात. सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची, रानात आंबील शिंपडायची आणि मग पाहुण्यारावळ्यांसकट सगळ्या शेंगा-भाज्यांची भज्जी, भाकरी आणि आंबील. ही आंबील आमच्या घरात मीच करते. ताक, ज्वारीचं पीठ, लसूण, सगळं माझ्या हातचं. माझ्या जावेचे माहेरचे लोक मडकं चाटून जातात. पण पूजा सुरू झाली की मी खोपीच्या मागं भांडी घासायची, असं मालक गेल्यापासून ठरलंय. कुणी ठरवलं? कुणी नाही. आपोआप. माझ्या हातची आंबील पोटात चालते, देवापुढं नेताना मात्र जाऊ ते मडकं माझ्या हातातून काढून घेते. ती वाईट बाई नाही. मालक गेले तेव्हा माझ्या तोंडात घास तिनंच घातला. म्हणून तर जास्त राग येतो. परकी असती तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

सकाळी मी बोट चादरीत गुंडाळून खोपीजवळ ठेवली आणि आंबिलीच्या कामाला लागले. पूजा झाली. माझा पुतण्या, जावेचा थोरला लेक, चार लेकरांचा बाप आहे, तो ओरडला, “चला रे, काकूची पाणबुडी बघायला!” सगळे तळ्याच्या तारेच्या कुंपणाला येऊन चिकटले. तळ्याचा कागद लय निसरडा, आत कुणाला उतरता येत नाही. म्हणून कुंपणाच्या आत काठावर उभी राहून मी बोट बाजेच्या नवारीच्या दोन पट्ट्यांत झोळीसारखी धरली आणि काठावरून खाली सोडली. पट्ट्या ओढून घेतल्या.

डोकं जरा खाली वाटलं. हौदात असायचं त्यापेक्षा. पण तरंगत होती.

मी एरियल लांब केला. बोट निघाली. एक फेरी वर-वर झाली. मग पुढचे पंख झुकवले आणि ती गेली, बुडबुड्यांची एक माळ सोडून, अशी सरळ आत, की माझ्याच अंगावर काटा आला. पाण्याखाली तिच्या पिवळ्या रंगाची सावली फिरताना दिसली. मी मोटार बंद केली.

आली नाही.

मी हात बटणांवरून पूर्ण काढून घेतला. आता येईल. येतेच. सावली खाली खाली गेली आणि दिसेनाशी झाली.

“बुडाली की!” कुणीतरी म्हणालं.

“पाणबुडीच हाय ती, बुडणारच!” आणि जे हसायला लागले, विचारू नका. जावेचा भाऊ तर कुंपणाला धरून वाकला. “अमोश्याला कुणी असले उद्योग करतंय का,” एक म्हातारी म्हणाली. पुतण्या म्हणाला, “जाऊ द्या काकू, मोटार लावून तळं उपसतो दोन-चार दिसांत, हरभऱ्याला पाणी द्यायचंच हाय.” दोन-चार दिवस! तोवर पाणी आत शिरून मोटार, बॅटरी, सगळं सडलं असतं. आणि मला कळत नव्हतं, की ती का आली नाही. मोटार बंद पडली तरी ती यायला पाहिजे. मी गणित चुकले? की माझं सगळं करणंच चुकीचं? त्या हसण्यात उभं राहून मला एवढंच वाटलं, की ही जर वर आली नाही तर हे लोक म्हणतात ते खरं ठरेल.

पुतण्याच्या ट्रॅक्टरवर फुटका स्पीकर पडला होता. त्याचं लोहचुंबक मी दगडानं फोडून काढलं. दोरीला बांधलं. आतल्या मोटारीचं कवच लोखंडी होतं, पण पाइपाच्या जाडीतून चुंबक तिला धरील अशी आशा थोडीच. बाकी बोटीत सगळं पितळ, शिसं आणि गंज न चढणारं स्टील. तरी टाकलं. ओढलं. पुन्हा टाकलं. लोक कंटाळून खोपीकडं जायला लागले. मी टाकत राहिले. आणि मग दोरी जड लागली.

हळूहळू ओढली. पाण्यात बोटीला वजन नसतं, म्हणून आली. काठाजवळ आली तशी पुतण्यानं पोटावर पालथं पडून तिला कवेत घेतली. बघते तर चुंबक मोटारीपाशी चिकटलंच नव्हतं. पोटाखाली काळा दोरा, दोऱ्यात एक बिब्बा आणि काळ्या घोड्याच्या नालेची जाडजूड अंगठी. चुंबक तिला चिकटलेलं.

ज्या बोटीत मी शिसं कानशीनं घासून बसवलं, तिच्या पोटाला कुणी तरी लोखंड बांधून ठेवलेलं, आणि झोळीत घालताना घाईत मी खाली बघितलंच नव्हतं. वर होती तोवर डोक्याच्या पोकळ टोपणात अडकलेल्या हवेनं तिला धरलं. खाली गेल्यावर ती हवा बुडबुडे होऊन निघून गेली आणि तिला वर यायला ताकदच उरली नाही.

“हे कुणी केलं?”

“मी,” जाऊ म्हणाली. लाजली पण नाही. “अमोश्याचा दिस. पयल्यांदा पाण्यात जाणारी वस्तू. आन् त्यात पुन्हा तुझ्या हातची...” आणि थांबली.

“बोला की आक्का. माझ्या हाताचं काय?”

“तुला वाईट वाटंल म्हणून गुपचिप बांधली गं, धाकटे. तुझ्या चांगल्यासाठीच. आन् बघ की, नाल होती म्हणून तर घावली! न्हाई तर गेली होती तुझी बोट.”

आणि मागं उभे होते ते सगळे माना हलवायला लागले! खरंच की, नालेनंच वाचवली. जो भाऊ हसून वाकला होता तो तर हात जोडायला लागला.

“नालेनं बुडवली!” मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. “बुडवली नालेनं, आन् काढली मी!”

“एवढ्याशा अंगठीनं एवढं धूड बुडतंय व्हय?” जाऊ म्हणाली.

पुतण्या समजूतदार. तो मधे पडला. “काकू, भांडू नका. नाल राहू द्या, तुमचं शिसं थोडं काढा आतलं. वजन तेवढंच राहील. आईचं पण समाधान आन् तुमची बोट पण वर.”

सांगू का, ह्याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आला. कारण तो बरोबर बोलत होता. वजनाचा हिशेब तसाच लागला असता. बोट खाली गेली असती, वर आली असती, आणि जन्मभर सगळे म्हणाले असते, नाल आहे म्हणून येते. मी घासलेलं शिसं, मी भरलेलं ग्रीस, सगळं त्या अंगठीखाली गेलं असतं. माझे हात वाईट, आणि ते झाकायला घोड्याचा खूर!

“हिशेब बरोबर हाय रे,” मी म्हणलं, “पण मग बोट कुणाची?”

मी दोरा दातानं तोडला. अंगठी जावेच्या हातावर ठेवली. “ही तुमची. ट्रॅक्टरला बांधा.”

झाकण उघडलं. आत ओल होती पण पाणी नव्हतं. माझी रिंग, माझं ग्रीस, एवढा वेळ तळाशी टिकलं होतं. ते मात्र कुणाला सांगायची गरज वाटली नाही. पुसली, झाकण लावलं, पुन्हा नवारीतून सोडली. शेंडा वर, हौदात असायचा तेवढाच. बरोबर तेवढाच. एक फेरी, दुसरी, पंख खाली. गेली. मी मोटार बंद केली आणि हात बाजूला घेतले.

आली. न बोलवता, नाक वर काढून, पाणी ओघळत आली.

बघायला कोण होतं? पुतण्या आणि कुंपणाशी जाऊ. बाकीचे पंगतीला बसले होते. खोपीकडून हाका यायला लागल्या, “आंबील वाढा की! कुठं गेल्या?”

“चल गं,” जाऊ म्हणाली, “तुझ्या हातची आंबील, तूच वाढ. माणसं खोळंबलीत.”

“माझ्या हाताचं काय ते आधी ठरवा,” मी म्हणलं. “पोटाला चालतात का न्हाई, देवाला चालतात का न्हाई, पाण्याला चालतात का न्हाई. एकदाच काय ते ठरवा, मग वाढते.”

ती खोपीकडं परत गेली. माणसांनी आपलं आपण वाढून घेतलं, हे मला भांड्यांच्या आवाजावरून कळलं. मी बोट फिरवत होते. खाली, वर, खाली. राग उतरला नव्हता. अजून पुरता उतरलेला नाही, लिहिताना पुन्हा चढला.

थोड्या वेळानं जाऊ परत आली. हातात वाटी, आंबिलीनं भरलेली. तारेतून हात आत घालून वाटी माझ्यापुढं धरून उभी राहिली. मला भूक लागली होती.

“ठेवा तिथं, आक्का,” मी म्हणलं. “बोट खाली हाय. माझे हात गुंतलेत.”